निळा पडलेला फ्लो सेल: देपालपूरच्या सोयाबीनचं एक नॅनोपोर प्रकरण

देपालपूरकडे माझ्या मामांची सहा बिघे जमीन आहे, पावसाळ्यात सोयाबीन, मग गहू, कधीतरी हरभरा, माळव्यात सगळे करतात तेच. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला, "अगं, तुमच्या लॅबमध्ये पानं तपासता का? पीक पिवळं पडत चाललंय. बांधाकडून सुरू झालं नि आता मधेमधे चट्टे दिसतायत. मागच्या वर्षी हेच बी होतं, तेव्हा एवढं नव्हतं." रविवारी भावाच्या बाइकवर मागे बसून गेले. पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले होते, बी जेएस ९५-६०, लवकर येणारं म्हणून आपल्याकडे खूप लोकांनी वर्षानुवर्षं पेरलं आणि पिवळ्या मोझॅकला ते लवकर बळी पडतं हेही तेवढंच माहितीचं. पानावर शिरांच्या मधे गडद पिवळे तुकडे, पिवळ्याला लागून हिरवा नि हिरव्याला लागून परत पिवळा, नकाशात तालुके रंगवावेत तसे. झाड जरा हलवलं की पानांच्या खालून पांढऱ्या माश्यांचा बारीक धुरळा उडायचा, एकेक माशी जेमतेम एक मिलिमीटरची.

रोग कुठला हे मामांनाही कळत होतं, कृषी विभागाच्या माणसानं सांगून झालं होतं की पिवळा मोझॅक आहे, झाडं उपटा, माशीवर फवारणी घ्या, पिवळे चिकट सापळे लावा. मामांनी ते सुरूही केलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता, "तोच जुना रोग आहे की काही नवीन आलंय?" मी चार वेगवेगळ्या चट्ट्यांमधली कोवळी पानं पिशव्यांमध्ये घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून इंदूरला आणली. पुढे जे झालं ते नीट लिहून ठेवावं असं आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, कारण यात एक पूर्ण फ्लो सेल, म्हणजे डीएनए वाचायच्या यंत्रात बसणारा भाग, हातचा जाता जाता राहिला, आणि कारण कळल्यावर मला नॅनोपोर, म्हणजे बारीक छिद्रातून डीएनए सोडून वाचायची पद्धत, ही गोष्टच नव्यानं समजली.

आधी व्हायरसबद्दल थोडं. पिवळा मोझॅक करणारे हे व्हायरस बेगोमोव्हायरस गटातले, पांढऱ्या माशीनं पसरणारे. सोयाबीनवर आपल्याकडे मुख्य नाव मुंगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस, नावात मूग असला तरी तो सोयाबीन, उडीद सगळ्यांवर बसतो. त्याचा डीएनए दोन वेगळ्या गोल कड्यांमध्ये असतो, एक ए आणि एक बी, प्रत्येक साधारण २७०० अक्षरांची. ए मध्ये स्वतःच्या प्रती काढायचं आणि वरचं कवच बनवायचं सामान, बी मध्ये पेशीतून पेशीत फिरायचं. बी नसेल तर हा व्हायरस झाडभर नीट पसरू शकत नाही.

आम्ही आधी नेहमीसारखा पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या भराभर प्रती काढायची टेस्ट. ए साठी कवचाच्या जीनचे प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तिथे बसणारे डीएनएचे छोटे तुकडे), चारही सॅम्पलमध्ये स्वच्छ बँड, म्हणजे तुकडा मिळाला. बी साठी प्रायमर, चारही रिकामे. परत केला, तापमान खाली-वर करून केला, रिकामेच. आता झाड तर पूर्ण पिवळं, म्हणजे बी असायलाच हवा. मग एकतर आमचा पीसीआर चुकत होता, किंवा बी होता पण आमचे प्रायमर जिथे बसायचे ती जागा बदललेली होती. प्रायमर म्हणजे शेवटी आधीच माहीत असलेल्या गोष्टीलाच हात लावणारी वस्तू, जे बदललंय ते तिला दिसत नाही. मामांचा प्रश्न इथे येऊन अगदी खरा ठरला, काही नवीन आहे का.

म्हणून ठरलं की प्रायमर न लावता जे आहे ते सगळं वाचायचं. त्यासाठी दोन टप्पे. पहिला रोलिंग सर्कल अँप्लिफिकेशन, आम्ही आरसीए म्हणतो. यात फाय-२९ नावाच्या फेजचं, म्हणजे जिवाणूंवर बसणाऱ्या व्हायरसचं, पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) वापरतात, ते गोल कडीवर चढलं की थांबतच नाही, फेऱ्या मारत राहतं आणि पुढे आलेला जुना धागा बाजूला ढकलत नवीन काढत जातं, त्यामुळे एकाच धाग्यात तीच कडी एकामागे एक गुंफलेली मिळते. सुरुवात करून द्यायला सहा-सहा अक्षरांचे कुठलेही तुकडे पुरतात, व्हायरस ओळखीचा असायची गरज नाही. ३० अंशावर १८ तास, मग ६५ अंशावर दहा मिनिटं ठेवून एन्झाइम बंद. दुसरा टप्पा नॅनोपोरवर वाचन.

नॅनोपोर ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. मिनआयन म्हणजे हातात मावेल एवढं, १०० ग्रॅमच्या आसपासचं यंत्र, लॅपटॉपला केबलनं लागतं. त्यात फ्लो सेल बसतो. फ्लो सेलमध्ये २०४८ बारीक खड्डे, प्रत्येकावर एक पातळ पडदा, आणि त्या पडद्यात एक प्रथिनाचं छिद्र बसवलेलं, तेच पोर. एका वेळी ५१२ चॅनलवरून मोजणी होते, एका चॅनलच्या वाट्याला चार खड्डे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, वरून साधारण १८० मिलिव्होल्टचा दाब, मग छिद्रातून आयन वाहतात आणि एक सूक्ष्म करंट मिळतो, पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरचा लाख-कोटीवा भाग. डीएनएचा धागा छिद्रात शिरला की वाट अडते, करंट पडतो, आणि छिद्राच्या अरुंद जागी त्या क्षणी कुठली अक्षरं आहेत त्यावर किती पडतो हे ठरतं. ए, टी, जी, सी एकेक करून दिसत नाहीत हं, सध्याच्या आर१० पोरमध्ये एका वेळी नऊएक अक्षरांचा मिळून एक करंट येतो आणि त्या वरखाली पायऱ्यांवरून कॉम्प्युटर अक्षरं काढतो.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वेग आवरण्याची. १९८९ मध्ये डेव्हिड डीमर यांनी वहीत छिद्रातून जाणाऱ्या धाग्याचं चित्र काढलं होतं, आणि १९९६ मध्ये त्यांनी, डॅनियल ब्रँटन नि त्यांच्या सोबतच्यांनी खरंच दाखवलं की स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन नावाच्या प्रथिनातून धागा गेला की करंट पडतो. पण तो धागा इतका झपकन जायचा, एक अक्षर मायक्रोसेकंदात, की वाचणार काय. पुढे छिद्राच्या तोंडाशी एन्झाइम बसवून धागा एकेक पाऊल सोडायची युक्ती आली, आणि २०१२ मध्ये जे काम झालं त्यात ब्रेक म्हणून वापरलेलं एन्झाइम हेच फाय-२९ पॉलिमरेज होतं, जे आमच्या ट्यूबमध्ये आरसीए करत होतं. आज त्या जागी हेलिकेज असतं, ते दुपदरी डीएनए उसवतं आणि एक पदर छिद्रात सोडतं, सेकंदाला ४०० अक्षरांच्या आसपास. करंट मोजला जातो सेकंदाला ५००० वेळा. म्हणजे एका अक्षरामागे बाराएक मोजण्या, आणि आमच्या व्हायरसची अख्खी एक कडी सात सेकंदांच्या आत छिद्रातून पार.

सांगायचा मुद्दा हा की इथे डीएनएची प्रत वाचली जात नाही, रंग लावून फोटो काढला जात नाही, तो रेणू स्वतः, अंगानं, छिद्रातून जातो. हे वाक्य मी परीक्षेत चार वेळा लिहिलं असेल. त्याचा अर्थ त्या बुधवारी संध्याकाळी कळला.

तर बुधवार. फ्लो सेल तपासला, १३०० च्या वर पोर चालू, म्हणजे छान, कंपनीची हमी ८०० ची असते. लायगेशन पद्धतीनं, म्हणजे टोकांना तुकडे चिकटवून, लायब्ररी (वाचायला तयार केलेला डीएनए) केली, चार सॅम्पलना ओळखीसाठी चार बारकोड, टोकांना पोरमध्ये शिरायला लागणारा अडॅप्टर. फ्लो सेल प्राइम करताना, म्हणजे बफर भरून तयार करताना, आधी २० ते ३० मायक्रोलिटर मागे ओढून तोंडाशी असलेला बुडबुडा काढला, मग थेंब थेंब लायब्ररी सोडली. साडेपाचला रन सुरू. पहिली वीस मिनिटं स्क्रीन हिरवीगार, ५१२ चौकोनांत भराभर धागे शिरताना दिसतात तेव्हा खूप बरं वाटतं, मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा की उशीर होईल पण सगळं मस्त चाललंय. पाऊण तासात हिरवा कमी व्हायला लागला. दीड तासानं आपोआप पोर स्कॅन, म्हणजे सगळ्या पोरची तपासणी, झाला, जरा सुधारलं, आणि परत घसरलं. साडेआठला स्क्रीन जवळपास सगळी निळी, म्हणजे पोर अडलेले किंवा सावरायच्या प्रयत्नात, खरं वाचन जेमतेम दीडशे चॅनलवर. हा फ्लो सेल दोन-तीन दिवस चालायला हवा होता, आमच्यासारख्या लॅबला तो परत मागवायचा म्हणजे महिन्याभराची कागदपत्रं.

दादा, म्हणजे आमच्याकडे पीएचडी करणारा, त्याचं मत पडलं बुडबुडा गेला असणार. हवा पडद्याला लागली की पडदा फाटतो, तो खड्डा मग कायमचा जातो. मॅडम फोनवर होत्या, त्यांचा संशय घाणीवर, सोयाबीनच्या पानातून सीटॅब नावाच्या रसायनानं काढलेल्या डीएनएत पॉलिसॅकराइड, फिनॉलिक पदार्थ राहतात आणि ते पोरना मारतात, हे सगळ्यांना भोवलेलं आहे. दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकत होतं. फक्त "असू शकतं" वर रन बंद करून फ्लो सेल टाकून द्यायचा का, हा प्रश्न होता. मी म्हटलं थांबा, रन पॉज करू आणि आधी बघू.

बुडबुड्याचं तपासणं सोपं. बुडबुडा एका वाटेनं जातो, त्यामुळे मेलेले चॅनल नकाशावर एका पट्ट्यात, एकमेकांना चिकटून दिसायला हवेत. आमचे अडलेले चॅनल सगळीकडे विखुरलेले, वर, खाली, कोपऱ्यात, कुठलाही आकार नाही. शिवाय फाटलेला पडदा स्कॅनमध्ये परत येत नाही, आणि आमचे स्कॅनच्या वेळी थोडे तरी परत येत होते, मग परत जात होते. बुडबुडा बाद.

घाणीचं जरा अवघड होतं. पानाच्या डीएनएचा २६०/२३० (डीएनए किती स्वच्छ ते सांगणारा आकडा) खरंच वाईट होता, १.३ च्या आसपास, चांगला २ ते २.२ हवा. पण आरसीएत त्यातलं एकच मायक्रोलिटर गेलं होतं, नंतर बीड्सनं, म्हणजे डीएनए धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांनी, धुतलेलं, मग परत लायब्ररीत धुतलेलं, आणि लायब्ररीआधीचा आकडा २ च्या जरासा वर. आणि घाण असती तर पोर रिकामा असताना पण बिघडला असता. म्हणून मी एकेका चॅनलचा कच्चा करंट उघडून बघत बसले. हे आम्ही एरवी करतच नाही, थेट अक्षरांकडे धावतो.

तिथे जे दिसलं ते असं. रिकाम्या पोरचा करंट वर, सरळ. मग एकदम खाली पडतो, धागा शिरला. मग पायऱ्या, वर-खाली, वर-खाली, दाट, वाचन चाललंय. हे तीन सेकंद, कुठे पाच सेकंद, कुठे आठ. आणि मग पायऱ्या थांबतात. करंट वर जात नाही, म्हणजे धागा बाहेर पडलेला नाही, आणि पायऱ्याही नाहीत, म्हणजे पुढे सरकतही नाही. एक सपाट रेघ, मिनिट, दोन मिनिटं. मग सॉफ्टवेअर त्या चॅनलचा व्होल्टेज उलटा करून धागा बाहेर फेकायला बघतं, कधी निघतो, पोर उघडा होतो, आणि दोन-चार सेकंदांत दुसरा धागा शिरून परत तीच सपाट रेघ. मी तीस-चाळीस चॅनल तरी बघितले, बहुतेक सगळ्यांची गोष्ट हीच. पोर चांगले होते. दरवेळी धागा आत शिरत होता, थोडा वाचला जात होता आणि मग कशाला तरी अडत होता.

दिवाळीत आईचा शेवेचा सोऱ्या अडतो तेव्हा सोऱ्या बिघडलेला नसतो, पिठात गाठ असते. मागे फिरवून गाठ सुटते नि पुढच्या गाठीला परत अडतो. मला तेव्हा तेच आठवलं आणि मी फोनमध्ये जेलचा फोटो शोधला.

आरसीए झाल्यावर आम्ही जेल चालवला होता, त्यात वरच्या खाचेत घातलेला डीएनए विजेनं खाली ओढून लांबीप्रमाणे वेगळा करतात. चारही खाचांत डीएनए चमकत होता, पण खाचेतच. खाली एक इंचही उतरला नव्हता. त्या वेळी आम्ही दोघांनी तो फोटो बघून म्हटलं होतं, वा, किती लांब धागे आलेत, जेलमध्ये शिरतसुद्धा नाहीत. लांब होतेच. पण फक्त लांब सरळ धागा असा अजिबात न हलता राहत नाही, थोडा तरी खाली ओढला जातो. जो खाचेतून निघतच नाही त्याला आकार असतो. फाय-२९ जुना धागा बाजूला ढकलतं म्हटलं ना, त्या ढकललेल्या एकपदरी धाग्यावर परत ते सहा-सहा अक्षरांचे तुकडे बसतात, तिथून परत नवीन धागा निघतो, तोही ढकलला जातो, त्यावर परत. अठरा तासांनी ट्यूबमध्ये वडाचं झाड तयार झालेलं असतं, पारंब्यांसकट. आणि आम्ही लायगेशननं त्या झाडाच्या प्रत्येक मोकळ्या टोकाला अडॅप्टर चिकटवून दिला होता, म्हणजे एकाच झाडाची अनेक टोकं वेगवेगळ्या पोरमध्ये शिरायला मोकळी. हेलिकेज एक पदर उसवत फांदीच्या जोडापर्यंत येतं आणि तिथे त्याला पुढे जाता येत नाही. एक पदर मावेल एवढ्याच छिद्रातून जोड काही जात नाही.

पीसीआरवर किंवा छोटे तुकडे करून वाचणाऱ्या मशीनवर हे आरसीएचं मटेरियल दिलं असतं तर काही बिघडलं नसतं, तिथे तुकडे होतात, प्रती निघतात, मूळ रेणूचा आकार कुणाला कळतही नाही. आमच्या डोक्यात डीएनए म्हणजे अक्षरांची ओळ एवढंच होतं. पोरला तो वस्तू म्हणून भेटतो, गाठीसकट, फांदीसकट.

पण अजून हे अनुमानच होतं. सिद्ध कसं करायचं? इथे दादानं जे सुचवलं ते मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात भारी वाटतं. फ्लो सेल धुवायचं किट आमच्याकडे होतं, त्यात डीएनएज-१ असतं, डीएनए कापणारं एन्झाइम. दादा म्हणाला, "धुवायचं तर आहेच, पण बघ, हे फक्त डीएनए कापतं. फाटलेला पडदा ते शिवणार नाही, घाणीनं बिघडलेला पोर ते नीट करणार नाही. धुतल्यावर पोर परत आले तर अडकलेलं डीएनएच होतं." म्हणजे धुणं हीच टेस्ट. रात्री साडेनऊला वॉश मिक्स घातलं, तासभर थांबलो, खालून पोहे आणले (इंदूरला पोहे कुठल्याही वेळी मिळतात हे अशा रात्री फार कामाचं), आणि पावणेअकराला परत पोर तपासले. हजाराच्या आसपास परत चालू. दादानं टेबलावर हात मारला.

आता उपाय. तो लिहून ठेवलेलाच होता, पूर्ण जीनोम अँप्लिफाय करून नॅनोपोरवर वाचायच्या पद्धतीत टी७ एंडोन्यूक्लिएज-१ चा टप्पा याचसाठी असतो. हे एन्झाइम फांदीच्या जोडाशी, गाठीशी कापतं, सरळ धाग्याला फारसा हात लावत नाही. आमची पद्धत आम्ही व्हायरसच्या क्लोनिंगच्या जुन्या नोंदीतून घेतली होती, तिथे आरसीएनंतर रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं (ठराविक अक्षरं असतील तिथेच कापणारं एन्झाइम) एका जागी कापून २७०० चा तुकडा काढतात, त्यामुळे फांद्यांचा प्रश्नच येत नाही. मॅडमनी तेही विचारलं, की सरळ रिस्ट्रिक्शननं का नाही कापत. पण त्यात परत तेच, आधी माहीत असलेली जागा लागते, आणि आम्हाला बी बद्दल तेच तर माहीत नव्हतं. कापायची जागाच बदललेली असली किंवा दोनदा असली तर बी परत हातातून निसटला असता.

गुरुवारी उरलेल्या आरसीए मटेरियलवर टी७ एंडोन्यूक्लिएज, ३७ अंशावर पाव तास, जास्त नाही, कारण जास्त ठेवलं की ते सरळ धाग्यांनाही टोचायला लागतं. बीड्सनं धुतलं. आणि यावेळी जेल आधी, बाकी सगळं नंतर. खाचेतली चमक जवळपास गेली होती आणि खाली लांबलचक पसरलेला पट्टा उतरला होता. दिसायला कालच्या जेलपेक्षा गबाळा, पण आम्हाला हवा होता तोच. नवीन लायब्ररी, तोच धुतलेला फ्लो सेल, परत प्राइम, परत थेंब थेंब. दुपारी चारला रन सुरू. मधे अर्धा तास लाइट गेली, ऑगस्टच्या पावसात आमच्या भागात हे ठरलेलं, पण यूपीएसवर चाललं. सकाळी येऊन बघते तर स्क्रीन अजून निम्म्याहून जास्त हिरवी.

आता वाचलं काय ते. बरेचसे रीड, म्हणजे वाचले गेलेले धागे, सोयाबीनचे स्वतःचेच निघाले, ते अपेक्षित होतं. व्हायरसचे जे होते त्यातला एक मी जेवणाच्या सुट्टीत हातानं उघडून बघितला, ११,००० अक्षरांच्या आसपासचा, एकच रेणू, पोरमधून जायला अर्ध्या मिनिटाच्या आत. त्यात टीएएटीएटीटीएसी ही नऊ अक्षरं शोधली. बेगोमोव्हायरसच्या प्रत्येक कडीत ही ओळ एका ठराविक जागी असते, प्रती काढायची सुरुवात तिथून होते. ती या एका रीडमध्ये चार वेळा आली, दरवेळी आधीच्यापासून २७०० च्या आसपास अंतरावर. म्हणजे फाय-२९ नं एका कडीला मारलेल्या चार फेऱ्या अख्ख्या समोर होत्या, कुठेही जोडाजोडी न करता. तिसऱ्या फेरीत एका जागी एक अक्षर वेगळं होतं, बाकी तिन्हींत तिथे सारखं, म्हणजे ती वाचनातली चूक. चार प्रती एकमेकांवर ठेवल्या की अशा चुका आपोआप बाहेर पडतात, त्यासाठी दुसरा रेणू लागतसुद्धा नाही. हे मी मैत्रिणीला दाखवायला ओढून आणलं होतं.

एक जागा मात्र सगळीकडे डळमळीत राहिली, सलग टी टी टी असलेली पट्टी, कुठे सात तर कुठे आठ. एकच अक्षर सलग आलं की करंट बदलत नाही, पायरीच पडत नाही, मग किती गेली हे वेळेवरून ओळखायचं. आर१० पोरला वाचायच्या दोन अरुंद जागा केल्या आहेत त्या यासाठीच, तरी लांब पट्टीत घोळ होतो. ती जागा आम्ही सँगरला, म्हणजे डीएनए वाचायच्या जुन्या पद्धतीला, पाठवली, अंदाजानं आकडा लिहिला नाही.

आणि एक फसवणारी गोष्ट. काही रीड असे होते की कडी अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि तिथून वळून उलटी परत येते. आमच्यातल्या एकीला वाटलं सापडला, तुटका व्हायरस सापडला, कारण बेगोमोव्हायरसमध्ये अर्धवट लांबीच्या कड्या खरंच असतात. पण अशी उलटी घडी आरसीए स्वतःही घालतं, पॉलिमरेज एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं तेव्हा. वळायची जागा प्रत्येक रीडमध्ये वेगळी होती. खरी तुटकी कडी असती तर तीच तीच जागा परत परत आली असती. म्हणून ते बाजूला ठेवले. या बाबतीत मी हट्टी आहे, आरसीए केलेल्या सॅम्पलवरून घडी पडलेला व्हायरस जाहीर करू नये, आधी आरसीए न करता बघावं.

बी मिळाला. चारही सॅम्पलमध्ये, पूर्ण. आमच्या प्रायमरची जागा काढून अक्षराला अक्षर लावून बघितली तर पुढच्या प्रायमरच्या अगदी शेपटाकडे तीन अक्षरं वेगळी, आणि प्रायमर जिथून वाढतो ते टोकच बसत नसेल तर पीसीआर होणार कसा. ए ची तुलना केली तर नोंदवलेल्या मुंगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरसशी ती ९१ टक्क्यांच्या बरीच वर जुळते, आणि या गटात नवीन जात म्हणायची तर ए तिथून खाली असावी लागते. म्हणजे जात जुनीच, बी मध्ये थोडा बदल. बी तसाही ए पेक्षा जास्त ढिला असतो, इकडेतिकडे बदलतो, त्यामुळे एका शेतातल्या चार सॅम्पलवरून मी यापेक्षा जास्त काही म्हणणार नाही.

मामांना शनिवारी फोन केला. म्हटलं, "मामा, रोग तोच आहे, नवीन नाही. त्याचा एक भाग जरा बदललाय म्हणून आमच्या टेस्टला दिसत नव्हता." मामा म्हणाले, "मग औषध बदलायचं का?" म्हटलं नाही, काही बदलायचं नाही, माशी आवरा, पिवळी झाडं शेताबाहेर नेऊन टाका, पुढच्या वर्षी बियाणं बदला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे एवढं सगळं करून तेच." मी त्यांना खरं तेच सांगितलं, की या वर्षीच्या पिकाला याचा उपयोग नाही. उपयोग हा की आता बी चे नवीन प्रायमर आम्ही आमच्याच वाचलेल्या अक्षरांवरून बनवलेत, आणि पुढचा कुणी पानं घेऊन आला तर साध्या पीसीआरमध्ये दिसेल, नॅनोपोर लावायलाही लागणार नाही. प्रत्येक सॅम्पल मिनआयनवर टाकावं या मताची मी नाही, जिथे पीसीआर उत्तर देतो तिथे पीसीआरच करावा. जिथे तो गप्प बसतो नि झाड मात्र पिवळं असतं, तिथे हे काढावं.

मामांनी फोन ठेवता ठेवता एक गोष्ट सांगितली, की ज्या बांधाकडून सुरू झालं त्याच्या पलीकडे शेजाऱ्याचा मूग आहे आणि तो सोयाबीनच्याही आधी पिवळा पडला होता. काल भाऊ जाऊन त्याची चार पानं घेऊन आला, फ्रीजरमध्ये आहेत. फ्लो सेल धुऊन स्टोरेज बफर घालून ४ अंशावर ठेवलाय, अजून साडेपाचशेच्या आसपास पोर आहेत, एवढ्या छोट्या कड्यांसाठी पुरतात. धुतलं तरी आधीच्या लायब्ररीचा थोडा डीएनए मागे राहतोच, आणि मुगात सोयाबीनचाच व्हायरस दिसला तर तो मुगातला की मागे राहिलेला हे कळायला हवं, म्हणून बारकोड १ ते ४ आता या फ्लो सेलवर परत वापरायचे नाहीत, मुगाला ५ ते ८ लावणार आहोत. आरसीए आज संध्याकाळी लावतेय, उद्या टी७, मग जेल.